पहिलीचं नाव

विमलकाकू पहिल्या हाकेला कधी ओ देत नसत. जिन्यातून "काकू!" म्हटलं की आतला भांड्यांचा आवाज थांबायचा, एवढंच. दुसऱ्यांदा हाक मारली की दार बोटभर उघडायचं आणि फटीतून एक घाबरा डोळा दिसायचा. "पहिली हाक आपली नसते हो," असं त्या म्हणत. शनिवार पेठेत आमचं दारासमोर दार, आणि मी मुळात फटकळ. "अहो, सकाळी अकरा वाजता कसली भुतं हाका मारतायत?" असं मी विचारायचे. काकू कसनुसं हसायच्या, पण साखळी काढायला वेळच लावायच्या.

सरकारी माणूस म्हटलं की त्यांना तर धडकीच भरायची. मीटर बघणारा आला तरी आतून स्वतःच ओरडायच्या, "घरात कोणी नाही!" एकदा घरोघर नावं लिहून घेणारी एक बाई आली, तर काकू माझ्या मोरीत जाऊन उभ्या राहिल्या. मी त्या बाईला चहा पाजून वाटेला लावलं. काकू बाहेर आल्या तेव्हा घामानं निथळत होत्या. "नसत्या चौकशा नकोत बाई," एवढंच म्हणाल्या. असतो एखाद्याचा स्वभाव, म्हणून मी सोडून दिलं.

काकूंचे यजमान कधीच गेले होते. मुलगा श्रीकांत धायरीला राहायचा. पन्नाशी उलटलेला गृहस्थ, पण दर रविवारी आईच्या हातची आमटी प्यायला हजर. त्या दिवशी मात्र काकू दार सताड उघडं टाकून बसायच्या.

मग त्यांचा मोतीबिंदू पिकला. श्रीकांतला रजा नव्हती, म्हणून हॉस्पिटलात मी घेऊन गेले. खिडकीतल्या बाईंनी ओळखपत्राचा नंबर घातला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, "कार्ड रद्द झालंय. पेशंट मयत दाखवतंय. असं असताना ऑपरेशनला घेता येणार नाही."

"मयत पेशंट रिक्षात माझ्याशी भांडत आलाय!" मी म्हटलं. पण काकूंनी माझं मनगट असं आवळलं की वळ उठले. माझं हसू तिथंच जिरलं.

परतताना रिक्षात त्या बोलल्या, तेही कुजबुजत, जणू रिक्षावाला ऐकून कुठं सांगणार होता. "मी दुसरी हो. श्रीकांत पहिलीचा."

पहिली विमल श्रीकांत तान्हा असतानाच गेली होती. या दुसरेपणावर आल्या. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात, तिथं सासूबाईंनी पुन्हा 'विमल'च लिहायला लावलं. पोराला आई बदलल्याचं कधी कळता कामा नये, ही सक्त ताकीद. शेजारपाजार बोलेल म्हणून कसब्यातलं बिऱ्हाड शनिवारात हलवलं. रेशनकार्डावरून पहिलीचं नाव कमीच केलं नाही, काकू त्याच नावावर राहिल्या, आणि पुढची सगळी कार्डं त्या रेशनकार्डावरून निघाली. पहिलीच्या मृत्यूची नोंद मात्र कुठल्याशा कपाटात पडून होती. ती आता कॉम्प्युटरवर चढली. बायकोचं नाव जुळलं, नवऱ्याचं जुळलं, आणि कार्ड बंद!

"हाक आली की मला वाटतं, आधी ती ओ देईल. म्हणून थांबते मी," काकू म्हणाल्या. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

"तुमचं माहेरचं नाव काय हो?"

"मंजुळा." ते सांगायलाही त्यांना वेळ लागला. मग म्हणाल्या, "डोळे गेले तर जाऊ देत. पण श्रीकांतला कळलं, तर रविवारी येईल का हो तो?"

मी ऐकते थोडीच! दुसऱ्या दिवशी त्यांना अक्षरशः ओढत कार्डाच्या कचेरीत नेलं. शिपायानं "विमल दत्तात्रय!" असं पुकारलं. काकू ढिम्म. तो पुढचं नाव घेणार, तेवढ्यात मी त्यांना ढकलून उभं केलं. टेबलामागची मुलगी बिचारी भली होती. "आजी, दुरुस्ती होईल," ती म्हणाली. "वारल्या त्या वेगळ्या आणि तुम्ही वेगळ्या, असं त्यांच्या जवळच्या माणसानं लिहून द्यायला हवं. त्यांना मुलगा आहे का कोणी?"

"मुलगा नाही," काकू झटकन म्हणाल्या. "कोणी मुलगाबिलगा नाही."

"आई?"

मागे श्रीकांत उभा होता. हॉस्पिटलातून त्याला फोन गेला होता आणि आम्ही कुठं गेलोय ते खालच्या दुकानदारानं सांगितलं होतं. हातात हेल्मेट, चेहरा लालबुंद. "मुलगा नाही म्हणजे काय? आणि माझी आई मेली असं कोण म्हणतं इथं?" तो त्या मुलीवरच ओरडला. सगळी रांग वळून बघायला लागली. मला वाटलं, कशाला आणलं मी या बाईला इथं!

काकूंचे ओठ पांढरे पडले होते. त्यांनी पोलक्यातून एक काळा दोरा बाहेर ओढला. त्याला चांदीचा इवलासा टाक होता, त्यावर ठोकलेला बाईचा मुखवटा. दुसरेपणावर आलेल्या बायका पहिलीनं त्रास देऊ नये म्हणून तिचा टाक गळ्यात घालतात, हे मी फक्त ऐकून होते. काकूंनी गाठ सोडून तो दोरा गळ्यातून काढला आणि टाक टेबलावर ठेवला.

"ही तुझी आई," त्या म्हणाल्या. "तू रांगायच्या आधीच गेली. मी मंजुळा. तिचं नाव लावलं, तिचा मुलगा घेतला. आता तू म्हणशील तसं."

श्रीकांतनं टाक तळहातावर घेतला आणि डोळ्यांशी नेऊन बघत राहिला. काकू त्याच्या तोंडाकडे बघत होत्या, पण मोतीबिंदूनं त्यांना त्यातलं काय दिसत असेल कोण जाणे.

"लिहून देता का?" त्या मुलीनं हळूच विचारलं. श्रीकांतनं उभ्याउभ्याच लिहिलं, सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला. मग दोरा घेऊन तो काकूंच्या मागे गेला. बोटं जाडजूड, गाठ काही बसेना.

"तुझ्याच गळ्यात राहू दे, आई," तो म्हणाला. "माझी तिला काहीच ओळख नाही. माझ्याकडे घाबरेल ती."