वरून टाकलेला भंडारा

“हात खाली धर. अजून खाली.”

अण्णाच्या शेतातल्या आखाड्यावर लिंबाखाली ताट मांडलं होतं. ताटात बेलाची पानं आणि भंडारा. ग्रामपंचायतीवर निवडून आलेले त्याच्या गटाचे सदस्य एकेक करून पुढं आले. ताटात हात घातला, बेलभंडारा उचलला आणि शपथ घेतली की सरपंचपदाला मत अण्णालाच. मग माझी पाळी. मी वाकले, तोच अण्णाच्या पुतण्यानं ताट मागं ओढलं. मला हात खाली धरायला लावला आणि चिमूटभर भंडारा वरून सोडला. निम्मा मातीत पडला.

“म्हण आता, खंडोबाची आण, मत अण्णाला.”

म्हटलं मी. नवरा अण्णाच्याच शेतात सालगडी होता. पोटासाठी म्हटलं.

मी मातंग वस्तीची. वॉर्ड राखीव झाला म्हणून उभी राहिले आणि वस्तीनं निवडून दिलं. मतदानाच्या दिवशी रांगेत माझ्या मागं अण्णाची बायको उभी होती. दोघींच्या बोटाला एकाच बाटलीतली शाई लागली. त्या दिवशी मी बोट पुन्हा पुन्हा बघत घरी आले. वाटलं होतं, आता काहीतरी बदललं. खुळीच होते.

गावाचे तेव्हा दोन तुकडे झाले होते. अण्णा आणि बापू चुलतभाऊ, शेताचा बांध एक, पण पक्ष वेगळे. अण्णाच्या पारावर सकाळ-संध्याकाळ धर्म धोक्यात. बापूच्या पारावर संविधान धोक्यात. चहाची हॉटेलं दोन, व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप दोन. एकमेकांच्या मयतीला जाणंसुद्धा बंद. जिथं मतं कमी पडली तिथलं मशीन खराब, जिथं जास्त पडली तिथलं एकदम बेस. तहसीलदार विकला गेलाय, असं दोघंही म्हणायचे, फक्त पाळीपाळीनं. यांचा विश्वास कशावरच नव्हता, आणि गावालाही त्यांनी तेच शिकवलं.

सदस्य तीन अण्णाकडं, तीन बापूकडं. मधे मी. म्हणून मी एकदम ताई झाले होते. दारात ताई, ताटापाशी ‘हात खाली धर’.

दोन दिवसांनी बापूची जीप आली. मी मुद्दाम गेले. म्हटलं, बघू तरी संविधानवाले कसे वागतात. बापूनं त्याच्या सदस्यांना उदगीरच्या एका लॉजवर नेऊन ठेवलं होतं, फोन काढून घेतले होते, कुणी फुटू नये म्हणून. तिथं त्यानं समतेवर चांगलं लांबलचक भाषण ठोकलं. माणूस माणसासारखा आहे वगैरे. भाषण संपलं आणि त्याच्या माणसानं पिशवीतून ताट काढलं. तेच. बेल आणि भंडारा. बाकीच्यांचे हात ताटात गेले. माझ्याकडं बघून बापू जरा घुटमळला.

“हे बघ ताई, आमी जातपात मानत न्हाई. पण हे देवाचं काम हाय. हात जरा खाली धर.”

मला हसूच आलं. त्याला वाटलं, मी खूश झाले.

हात खाली धरून मी भंडारा घेतला, आणि आण झाली म्हणून त्यांनी मला जीपनं परत सोडलं. वाटेत मी नीट विचार केला. ज्या देवाच्या ताटाला मला शिवू देत नाहीत, त्याच देवानं मला बांधून ठेवावं, असा या शहाण्यांचा हिशोब. अरे, ताटाला हातच लागला नाही तर शपथ कुणी घेतली? जातीच्या माजात एवढीसुद्धा अक्कल उरली नव्हती. अण्णाचा भंडारा मी घरी पुडीत ठेवला होता. त्यात बापूचा मिसळला आणि दोन्ही पदराला बांधले.

निवडीच्या दिवशी ग्रामपंचायतीत तालुक्याहून साहेब आले. हात वर करून मतदान. अण्णाला तीन हात, बापूला तीन. माझा हात मांडीवर. साहेब म्हणाले, बाई, तुमचं मत सांगा.

मी उठले. गाठ सोडली. भंडारा तळहातावर घेतला आणि हात टेबलावर पुढं केला.

“ह्यात तुमचा दोघांचाबी भंडारा हाय. ज्यानं माझ्या हातावरून चिमूट उचलून कपाळाला लावली, माझं मत त्याला.”

जीप, लॉज, मटण, सगळं ज्याच्यासाठी केलं ते सरपंचपद एका चिमटीवर आलं होतं. धर्म वाचवणाऱ्या अण्णाला स्वतःच्या खंडोबाचा भंडारा उचलवेना. संविधान वाचवणारा बापू खिडकीबाहेर बघत बसला. मग दोघांनी एकमेकांकडं बघितलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्या नजरेत वैर नव्हतं. एकानं उचलला असता तर दुसऱ्यानं फोटो गावभर फिरवला असता. म्हणून दोघंही हात आवळून बसले. मला त्यांची किळस आली.

साहेब म्हणाले, देवाधर्माचं इथं आणू नका, नाहीतर तटस्थ लिहितो. ताटावर मतं बांधली जातात हे त्यांना कालपर्यंत ठाऊक नव्हतं असं नाही. म्हटलं, लिहा.

भंडारा मी माझ्या कपाळाला लावला आणि खाली बसले. मतं सारखी म्हणून चिठ्ठी टाकली, अण्णाचं नाव निघालं. बाहेर गुलाल उधळला.

नवऱ्याचं साल तुटलं, अण्णानं कामावरून काढलं. आता तो उदगीरच्या मोंढ्यात हमाली करतो. वस्तीतलेही म्हणाले, एकाचं तरी ऐकून काहीतरी पदरात पाडून घ्यायचं होतंस. अण्णा म्हणतो, हिला बापूनं विकत घेतलं. बापू म्हणतो, अण्णानं. मी राजीनामा द्यावा हा निरोप मात्र दोघांकडून आला. एवढ्यावर त्यांचं एकमत झालं.

राजीनामा देणार नाही. दर सभेला जाते. माझी खुर्ची दाराशी ठेवलेली असते, ती ओढून टेबलाला लावते. उरलेला भंडारा अजून पदराला आहे. ठरावाला हात वर करा म्हणाले की आधी गाठ सोडते आणि विचारते, कोण उचलतंय? सगळे कागदात तोंड घालतात. मुदत संपेपर्यंत विचारणार आहे. पुढच्या निवडणुकीला उभी राहून पुन्हा विचारणार आहे.

हात आता टेबलाच्या वर असतो. खाली धरणार नाही.