गेटाजवळचा दिनविशेष

आमच्या चिकलठाण्याच्या सोसायटीत गेटाजवळ एक फळा आहे. नळाला पाणी कधी येणार ते लिहायला तो लावला होता. पाणी कधी येणार हे कुणालाच माहीत नसे, त्यामुळे फळा कोराच राहायचा. मग शेजारच्या जिन्यातले काका कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी त्यावर रोज सकाळी दिनविशेष लिहायला घेतला. आज कोण थोर माणूस जन्मला, कुठली लढाई झाली, आणि शेवटी आज जगात कशाचा दिवस पाळतात. कधी चॉकलेटचा, कधी शौचालयाचा. सगळा माल मोबाइलवरून आलेला, निम्मा चुकीचा. लोक वाचायचे, हसायचे आणि कामाला जायचे.

त्या वर्षी उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याला लकव्याचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. कळत सगळं होतं, पण शब्द तोंडापर्यंत येत नव्हता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "बोलल्याशिवाय बोलणं परत येणार नाही. आणि सुरुवातीचे महिने वाया घालवू नका." बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी यायच्या. त्यांच्यापुढे आणि माझ्यापुढे यांच्या तोंडून दोन-चार शब्द निघत. तिसरं माणूस दिसलं की ओठ मिटलेच. हा करमाड गावचा माणूस, एरवी चावडीवर दहा जणांना गप्प करणारा. शब्द वाकडा निघाला तर लोक कीव करतील, हे त्यांना सोसणारं नव्हतं. मी समजावलं, रागावले, शेवटी नाद सोडला. रोज सकाळी फिरायला मात्र खाली न्यायचेच.

काका भेटायचेच. एक जूनला त्यांनी लिहिलं, 'आज निम्म्या सोसायटीचा वाढदिवस.' आमच्याकडच्या खेड्यांत जन्मतारीख कुणी लक्षात ठेवत नसे. शाळेत नाव घालताना मास्तर सरसकट एक जून टाकायचे. यांचीही तीच.

"भाऊ, पेढे कुठंयत?" काकांनी विचारलं. यांनी मान फिरवली.

ऑगस्टमध्ये डावखुऱ्यांचा दिवस आला. काका जन्माचे डावरे, खडूही त्याच हातात. "या, आता तुम्ही आमच्यात," ते म्हणाले. हे डाव्या हातानं जेवायला लागल्याचं त्यांना ठाऊक होतं. मला वाटलं, चिडतील. हे हसले, पण आवाज न काढता.

सतरा सप्टेंबरला आमच्याकडे झेंडावंदन असतं. शिवाय त्याच दिवशी कारखान्यांत विश्वकर्म्याची पूजा आणि एका मोठ्या पुढाऱ्याचा वाढदिवस. काकांनी हे सगळं फळ्यावर कोंबलं होतं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मराठवाडा मुक्तिदिन, १९४७.'

काका साताऱ्याकडचे. तिकडं स्वातंत्र्य सत्तेचाळीसलाच आलं. आमच्याकडं निजामाचं राज्य होतं, तिथं ते पोलीस ॲक्शननंतर आलं, तेरा महिने उशिरा. ते तेरा महिने यांच्या आजोबांनी घरदार सोडून सरहद्दीवर, निजामाशी लढणाऱ्यांच्या छावणीत काढले. मागं आजी दोन लेकरं घेऊन करमाडात. हे यांनी लहानपणापासून ऐकलेलं.

झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं, लोक लाडू घ्यायला वळले. हे फळ्यापुढं उभे राहिले आणि डावा हात वर केला.

"खुर्ची आणा रे, भाऊंना बसायचंय," कुणीतरी म्हणालं. खुर्ची आली. यांनी ती पायानं सरकवली. मग पाणी आलं. तेही ढकललं. चेहरा लाल झाला होता. मी पुढं झाले नाही. यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं होतं. मी बोलले असते तर तेवढ्यावरच भागलं असतं.

"नाय," हे म्हणाले. सगळे थांबले. "अठ... अठ्ठे..."

मराठीत याहून सोपे आकडे पुष्कळ आहेत. लाडू वाटणाऱ्या बाईंचा हातसुद्धा थांबला.

"अठ्ठे... चाळीस."

काकांनी फळ्याकडं पाहिलं, आपल्या बाहीनं सात पुसला आणि आठ लिहिला. "मग आधी सांगायचं ना, सकाळपासून लिहिलंय," ते वैतागून म्हणाले. त्या आवाजात कीव नव्हती. त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

दुसऱ्या दिवसापासून हे माझी वाट न बघता खाली उतरू लागले. फळ्यावर चुकांचा तोटा नव्हता. रोज एखादी सापडायची आणि ती बोलून दाखवायला शब्द लागायचा. बाईंनी शिकवलेल्या शब्दांपेक्षा भांडणाचे शब्द लवकर आले. काही अजूनही अडकतात, काही येणारच नाहीत, हे आम्ही धरून चाललोय.

दिवाळीच्या सुमारास एकदा काका तणतणत घरी आले.

"वहिनी, यांना आवरा. चार माणसांत मला अडाणी म्हणाले."

"अडखळले का म्हणताना?"

"कशाचे अडखळतात? लई अडाणी म्हणाले. खणखणीत."

मी त्यांना बसवलं, चकल्यांचा डबा पुढं सरकवला आणि चहाला आधण ठेवलं.