अप्पारावांची तीट

काचीगुडा स्टेशनच्या मागच्या गल्लीत अप्पारावांचं पाट्यांचं दुकान आहे. नाव ऐकून तेलुगू गिऱ्हाईक त्यांच्याशी घरच्यासारखं बोलायला लागतं, आणि काम पक्कं होईपर्यंत अप्पारावही आपण मूळचे भालकीकडचे मराठी आहोत हे सांगायची घाई करत नाहीत. मी दुकानाच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो. उदगीरच्या शाळेत मला शुद्धलेखनाला बरे मार्क होते, हे कळल्यावर त्यांनी मराठी पाट्या तपासायचं काम माझ्याकडे दिलं. अशा पाट्या वर्षाला दोन येतात. बाकीचे दिवस मी खाली चहा प्यायला जातो.

त्यांचं काम म्हणजे पाटीच्या पॅनेलवर रंगीत व्हिनाइलची शीट चिकटवणं. पॅनेल आठ फूट लांब, चार फूट रुंद, शीट तेवढीच, आणि माणूस एक. इतर दुकानांत याला दोघं लागतात. अप्पारावांचं म्हणणं, "दुसरा माणूस आला की शीटला दोन मतं होतात." पॅनेल टेबलावर आडवं ठेवायचं, शीटची उजवी कड आधी बसवायची. मग उरलेली शीट डाव्या हाताने उंच धरायची, त्याच हाताच्या दोन बोटांनी मागचा कागद वीत-वीत सोडवायचा, आणि उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या पट्टीने हवा बाहेर ढकलत डावीकडे सरकत जायचं. कटर दातांत. त्यामुळे या वेळात त्यांना काहीही विचारलं तर होकाराचं 'हं' किंवा नकाराचं 'हंहं' एवढंच उत्तर येतं, आणि त्यांच्या बायको तारामतीकाकू घरातल्या सगळ्या अवघड गोष्टी नेमक्या तेव्हाच विचारून घेतात.

शीटखाली हवा राहिली की फुगा येतो. अप्पारावांच्या पाटीवर एक फुगा असायचाच, डावीकडे वरच्या कोपऱ्यात. समोरच्या चष्म्याच्या दुकानाचे घौसभाई आपली नवी पाटी बघायला आले, तेव्हा मी तिथेच होतो.

"अप्पाराव भाई, ये हवा कायकू छोड़े?"

"हवा नै मियाँ, नजर का टीका है. इत्ता साफ काम, किसी की नजर लग गई तो?"

"सुई मारके निकाल देते ना."

"नक्को. टीका पोंछते क्या कभी?"

घौसभाईंना पटलं. बाळाच्या कपाळावर तीट, तशी पाटीच्या कपाळावर फुगा. गल्लीत ही तीट एवढी गाजली की विद्यानगरच्या एका शिकवणीवाल्याने दोन मागितल्या, कारण त्याच्या दोन बॅचेस होत्या.

अप्पारावांची मुलगी तेजश्री फिजिओथेरपिस्ट आहे. तिने मला पहिल्याच दिवशी 'दादा' म्हटलं, त्यामुळे या गोष्टीत तो भाग नाही. तिचं मराठी बोलायला पक्कं, वाचायला कच्चं. मोबाइलवर ती मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिते आणि आपण अंदाजाने वाचायचं. तर एकदा तिचा निरोप आला: बाबांच्या पाट्यांचे फोटो काढून आणा, आणि कुठली पाटी कधी लावली तेही विचारा. दोन रविवार स्कूटरवर फिरून मी सव्वीस फोटो आणले. कशाला, ते कळत नव्हतं, पण उन्हात फिरल्याबद्दल काकूंनी दोन्ही रविवारी जेवायला घातलं.

तेजश्रीने फोटो तारखेप्रमाणे लावले आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. पाच वर्षांपूर्वीची पाटी स्वच्छ. तीन वर्षांपूर्वीचीही स्वच्छ. दोन वर्षांपूर्वी कोपऱ्यात तुरीच्या डाळीएवढा फुगा. मग बोराएवढा. घौसभाईंचा लिंबाएवढा. गेल्या महिन्यातला तर कोपरा सोडून वीतभर आत आलेला.

"दादा, हा फुगा नाही," ती म्हणाली. "हा बाबांचा खांदा आहे."

डावा खांदा आखडत चालला होता. शीटचं शेवटचं टोक सगळ्यात उंच आणि सगळ्यात लांब धरावं लागतं, आणि टेबल भिंतीला लागून, पलीकडून जायला जागा नाही. हात मधेच खाली आला की शीट वेळेआधी टेकते आणि हवा आत अडकते. दोन वर्षं माणूस दुखणं लपवत होता, आणि आम्ही ते तीट म्हणून एकमेकांना दाखवत होतो.

"मग सांग ना त्यांना."

"सांगितलं की म्हणतील, तू शिकलीस म्हणून काय घरातल्यांना पेशंट करतीस का. आणि हे असंच राहिलं ना, तर वर्षभरात एकट्याने शीट लावता येणार नाही. एकट्याने नाही जमलं तर बाबा काम सोडतील, पण दुसरा माणूस ठेवणार नाहीत."

ते खरं होतं.

तीन महिन्यांनी तिचं स्वतःचं क्लिनिक कुकटपल्लीत उघडणार होतं. अप्पारावांनी निळा रंगही ठरवून ठेवला होता. चहाच्या वेळी तिने सहज सांगावं तसं सांगितलं, "बाबा, पाटी तुम्हीच करायची. पण तीट नको. एक पण फुगा दिसला तर मी तिकडच्या कंपनीला देणार. लाइटवाली."

"कंपनीची चार माणसं येतात. एक काम करतो, तिघं बघतात."

"फुगा नसतो पण."

अप्पाराव बशीतला चहा बराच वेळ फुंकत राहिले. तो केव्हाच गार झाला होता.

दुसऱ्या दिवसापासून ते जुन्या पॅनेलवर शीट लावून बघायला लागले. फुगा. पुन्हा. पुन्हा फुगा. चौथ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली, तेव्हाच पाणी कुठवर आलंय ते मला कळलं.

"उदगीर, जरा इकडं ये. हे टोक धर. मत देऊ नको."

मी टोक धरलं, मत दिलं नाही, पण खिशातला फोन थरथरला आणि मी खाली पाहिलं. पुढच्याच क्षणी शीट माझ्या शर्टाला चिकटली होती. ती सोडवायला गेलो तर कोपरालाही चिकटली. अप्पारावांनी मला सुरणाची साल काढावी तसं सोलून काढलं आणि स्टुलावर बसले.

"हात वर जात नाही रे," ते शीटकडे बघत म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तेजूला सांगू नको."

"नाही सांगत," मी म्हणालो. यात खोटं काही नव्हतं. तिला आधीच माहीत होतं.

संध्याकाळी त्यांनी स्वतःच विषय काढला. "तेजू, तुझ्याकडं खांद्याची माणसं येतात म्हणे. त्यांना काय करायला सांगतेस? एक गिऱ्हाईक विचारत होतं."

तेजश्रीच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. "आधी त्यांना घेऊन या म्हणावं, मी खांदा बघते."

"ते लाजाळू आहे गिऱ्हाईक."

"बरं. मग भिंतीसमोर उभं राहायचं. बोटं मुंग्यांसारखी भिंतीवर वर वर चढवायची. थांबतील तिथे पेन्सिलने खूण करायची. दिवसातून तीनदा."

"गिऱ्हाईकाला दुखलं तर?"

"थोडं दुखेल. जास्त दुखलं तर माझ्याकडे यायचं, लाजायचं नाही. आणि टाचा उचलायच्या नाहीत हे मुद्दाम सांगा. गिऱ्हाईकं फार लबाड असतात."

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या भिंतीवर पहिली खूण आली. आठवड्यात गिऱ्हाईक लाजायचं सोडून मुलीसमोर खांदा उघडा करून बसायला लागलं. पोराची उंची दर वाढदिवसाला भिंतीवर मांडतात तशा पेन्सिलच्या रेघा वर चढत होत्या, फक्त इथे पोराचं वय सत्तावन्न होतं. तारामतीकाकूंनी स्वतःची एक लाल टिकली काढून उंचावर चिकटवली. "इथवर हात गेला की पाटी," त्या म्हणाल्या. घौसभाई येऊन विचारून गेले, "क्या नाप रहे?"

"दीवार," अप्पाराव म्हणाले.

उद्घाटन रविवारी होतं. गुरुवारी सकाळी पाटी करायची, तेव्हा शेवटची रेघ टिकलीच्या चार बोटं खालीच होती.

"दुकानात कुणी यायचं नाही," त्यांनी बजावलं. आम्ही तिघं उंबऱ्यावर उभे राहिलो. त्यांनी पॅनेल स्पिरिटने पुसलं, निळी शीट पसरली, कटर दातांत धरला. उजवी कड बसली. मग वीत-वीत. पट्टी घासल्याचा आवाज एका चालीत येत होता. एवढ्या वेळात काकूंनी एकही प्रश्न विचारला नाही, आणि त्यावरून मला गोष्ट किती गंभीर आहे ते समजलं.

शेवटच्या कोपऱ्याशी हात थांबला. रोज थांबायचा तिथेच. शीट किंचित खाली आली. मग हात पुन्हा वर निघाला, हळूहळू, भिंतीवर मुंगी चढावी तसा, आणि वर राहिला. पट्टी शेवटची फिरली. कोपरा बसला.

तेजश्री आत गेली. तिने कोपऱ्यावरून तळवा फिरवला, मग वाकून उजेडाच्या रेषेत डोळा लावून पाहिलं. काही नव्हतं. निळं, सपाट, चार बाय आठ.

"बाबा," ती म्हणाली, "टाचा उचलल्या होत्या ना?"

"हंहं," अप्पाराव म्हणाले. कटर अजून दातांतच होता.

दुपारी त्यावर तेलुगू आणि इंग्रजी अक्षरं चढली, खाली एक मराठी ओळ. ती मी तपासली. तीन शब्द होते, तिन्ही बरोबर निघाले.

रविवारी घौसभाई मिठाईचा डबा घेऊन कुकटपल्लीला आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पाटीचा डावा कोपरा पाहिला, मग उजवा, मग खालचे दोन्ही.

"बेटी के बोर्ड कू टीका नक्को," ते म्हणाले, "और हमारे कू जरूरी?"

अप्पारावांच्या तोंडात त्या दिवशी कटर नव्हता, तरी उत्तर 'हं' एवढंच आलं. शेवटी घौसभाईंची पाटी नवी करून द्यायचं कबूल करूनच त्यांची सुटका झाली. ते कळल्यावर शिकवणीवालाही आला. आता दोन वर्षांतल्या पाट्या एकेक करून परत येताहेत, मोठा फुगा आधी, या क्रमाने. तेजश्री ते व्यायामात धरते. भिंतीवरची टिकली केव्हाच खाली राहिली; हात तिच्या वर वीतभर जातो, टाचा जमिनीवर ठेवून.

परवा घौसभाई पुन्हा आले. नवी पाटी लावून आठच दिवस झाले होते.

"अप्पाराव भाई, दुकान कू नजर लग गई. गिराक आरे, देख के जारे. वो टीका वापस डाल देव."

अप्पारावांनी डावा हात वर केला, खाली आणला, पुन्हा वर केला. मनापासून प्रयत्न करून पाहिला म्हणायला हरकत नाही.

"नक्को मियाँ," ते म्हणाले. "अब वैसा जमता नै."