दाराला बांधलेला दगड

आधी हातातला चहा खाली ठेवा, मग सांगतो. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या मेहुण्यांच्या नाकातून चहा आला होता. सतरंजीवरचा डाग अजून गेलेला नाही!

मूर्खपणा सगळा माझाच बरं का. त्यात कोणी वाटेकरी नाही.

तळेगावच्या एका कारखान्यात मी चौतीस वर्षं क्वालिटीत काढली. क्वालिटी म्हणजे काय, तर दुसऱ्याच्या कामातली चूक शोधायची आणि ती त्याला चारचौघांत दाखवायची. निवृत्त झालो तेव्हा शैलाने, म्हणजे आमच्या सौ.ने, एकच मागणं मागितलं. दोन दिवस मोटरहोम घेऊन फिरायचं. चाकांवरचं घरच हो ते! आत पलंग, ओटा, बेसिन, सगळं. आता भाड्यानेही मिळतं.

गाडीचा मालक मोठा सज्जन माणूस. एकेक गोष्ट समजावून सांगत होता. हा पाण्याचा नळ, हा गॅस, आणि हे दार...

मी मध्येच तोडलं. "अहो, चौतीस वर्षं मशिनं बघितलीत मी. मला दार शिकवताय?"

बिचाऱ्याने किल्ली माझ्या हातात दिली. त्याला बोलू दिलं असतं, तर आज तुम्हाला सांगायला माझ्याकडे काही नसतं.

लोणावळ्यात ते धूड उभं करायला जागा मिळेना. दोन चकरा मारल्या, शिव्या खाल्ल्या आणि शेवटी पवना धरणाकडे उतरलो. तिथे नामदेव नावाच्या शेतकऱ्याने पाण्याकाठी पर्यटकांच्या तंबूंसाठी जागा केली होती. कडेने दगडांची रांग, दगडांना चुना फासलेला, अगदी नीटनेटकं काम.

"लावा की त्या बांधाच्या कडंला," नामदेव म्हणाला. "वारं लय हाय पर."

वारं लय हाय म्हणजे किती, ते अर्ध्या तासात कळलं. गाडीचं दार बाहेर उघडतं. शैला चहाचा ट्रे घेऊन पायरीवर आली की, धाड! दार तिच्या कोपरावर. पुन्हा उघडलं, पुन्हा धाड! बंद ठेवावं तर आत भट्टी. मी भरलेली बादली टेकवली, बादली आडवी झाली. फटीत चप्पल कोंबली, चप्पल धरणाच्या दिशेने निघून गेली.

"अहो, त्या मालकाला फोन करून विचारा ना," शैला म्हणाली.

फोन? आणि मी? छे!

एवढ्यात मला बांधावर एक दगड दिसला. चांगला चौकोनी, वजनदार, वर चुना. म्हटलं, रांगेतला सुटलेला दिसतोय, उगाच एकटा पडलाय बिचारा. जॅकचा दांडा घालून उकरला, लोटत लोटत आणला. दाराच्या मुठीला दोरी बांधली, दुसरं टोक दगडाला. दार गप्प! हूं नाही की चूं नाही. वर गाडीतली उशी ठेवली, तर बसायला आयती बैठकही झाली.

आणि मी पडलो शिस्तीचा माणूस. उकरलेला खड्डा तसाच कसा सोडीन? कोणाचा पाय मुरगळला म्हणजे? माती लोटली, पायांनी दाबली, वरून वाळलं गवत पसरलं. असा बुजवला की मलाही सापडू नये. मनातल्या मनात 'ओके'चा शिक्का मारला आणि रात्री छान झोपलो.

सकाळी नामदेव दूध घेऊन आला. आम्ही दोन शब्द बोलतोय, तोच बांधापलीकडून आवाज.

"नाम्या! दगड कुटं हाय?"

निळी कंपनीची पँट घातलेला एक उंच माणूस तरातरा येत होता. हा नामदेवचा थोरला भाऊ, दत्तू. पलीकडचं शेत त्याचं.

"कंचा दगड?" नामदेव म्हणाला.

"कंचा म्हनं! हद्दीचा! मोजनीचा! म्हयना न्हाई झाला आन् सरकावलास व्हय रं?"

"म्या सरकावला? तूच उचलला आसशील!"

नामदेव माझ्याकडे वळला. "तुमीच सांगा सायेब. नऊ वरसं ह्या बांधापायी बोललो न्हाई आमी. आईनं हातापाया पडून मोजनी करून घेतली, दगड रोवला. आट दिसावर माज्या पोरीची हळद हाय. चुलता मांडवात उभा ऱ्हावा, एवडीच म्हातारीची विच्छा. आन् ह्यो बगा!"

मला भरून आलं हो. अशा वेळी चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणं हे माझ्यासारख्या वडीलधाऱ्याचं कर्तव्यच नाही का?

"भाऊ, बसा आधी," मी दत्तूला म्हणालो आणि त्याला उशीवर बसवलं. शैलाने चहा दिला. "अहो, एका दगडासाठी सख्ख्या भावांनी भांडायचं? जमीन काय कोणी वर घेऊन जाणार आहे? माणसं जपा, माणसं!"

"एक दगूड?" दत्तू उसळला. "सायेब, हद्दीची खून हाय ती! आसा चौकोनी, गुडघ्याएवडा, वरनं चुना फासल्याला!"

हाताने माप दाखवत होता. त्याच्यावरच बसून!

शैलाने माझ्याकडे बघितलं. मी धरणाकडे बघितलं.

आता तुम्ही म्हणाल, तिथल्या तिथे कबूल करायचं. करायचं हो! पण नुकतंच 'माणसं जपा' म्हणून झालं होतं. लगेच 'दगड माझ्याकडे आहे' कसं म्हणणार? मी विचार केला, हे दोघं जातील, मग दगड हळूच परत ठेवून देऊ. भित्रेपणा, दुसरं काय.

तेवढ्यात दत्तू तावातावाने उठला आणि भावावर ओरडला. वारा तयारच होता. त्याने उशी उचलली आणि गाडीखाली नेली. दत्तू ओरडून झाल्यावर मागे न बघता परत खाली बसला. थेट चुन्यावर! मी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

तो पुन्हा उठला, जायला वळला, आणि नामदेवला त्याची पाठ दिसली.

"दादा! मागं बग! बुडाला चुना लागलाय तुज्या! तूच उचललास दगड!"

दत्तूने मागे हात फिरवला, हात पांढरा झाला. "आयला, ह्यो कुटनं लागला?"

"आता हळदीला येऊच नगंस तू!" नामदेव म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

ते पाणी बघितलं आणि मला राहवेना.

"थांबा!" मी ओरडलो. "दगड मी घेतलाय."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मग दगडाकडे. मग दगडाला बांधलेल्या दोरीकडे. दोरीवरून नजर चढत चढत दारापर्यंत गेली.

"दाराला?" दत्तूने विचारलं.

"वारं लय होतं," मी म्हणालो.

आरडाओरडा ऐकून त्यांची आई कमरेवर कळशी घेऊन आली. तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता शिव्यांची लाखोली. पण त्या मावशींनी फक्त विचारलं, "आरं बाबा, उकरलास कुटनं?"

झालं! बांधावर सगळीकडे तेच वाळलं गवत. मी म्हटलं, इथून. चार पावलं गेलो, म्हटलं, नाही, इथून. केसाएवढ्या फरकासाठी लोकांचं काम परत पाठवणारा मी, मला दोन हात इकडे की दोन हात तिकडे, सांगता येईना. एक हात जरी चुकला, तर पुन्हा नऊ वर्षं!

"सर बाजूला," मावशी म्हणाल्या.

त्यांनी कळशी कलती केली आणि बांधावरून चालत पाण्याची धार सोडली. उन्हाने कडक झालेल्या जमिनीवरून पाणी नुसतं घरंगळत होतं. चालता चालता एका जागी पाणी थांबलं, बुडबुडे आले आणि गपकन आत मुरलं.

"हितं," मावशी म्हणाल्या. "भुसभुशीत मातीच पानी पिती."

चौतीस वर्षं क्वालिटीत काढलेला माणूस त्या म्हातारीच्या पाया पडला. अगदी खरं सांगतो.

गवत सारलं, माती उपसली, तर दगडाचा चौकोनी साचा खाली जसाच्या तसा! दोघा भावांनी दगड उचलला, एकाने एक बाजू, दुसऱ्याने दुसरी. मला कोणी हात लावू दिला नाही. दगड बसवताना नामदेव खाली बघतच म्हणाला, "दादा, हळदीला सकाळच्यालाच ये."

"यीन की," दत्तू म्हणाला. "पँट बदलून यीन."

आणि मग जे हसायला लागले दोघं! नऊ वर्षांचं साठलेलं सगळं माझ्यावर हसून घेतलं. हसा म्हटलं, हवं तेवढं हसा. मला तर तेव्हा नुसतं हायसं वाटत होतं.

इतक्यात, धाड! दगड गेल्यावर दार पुन्हा सुरू.

मावशी गाडीपाशी गेल्या. दार धरून पार मागे, गाडीच्या अंगाला भिडेपर्यंत लोटलं. खट्! दार अडकलं. वारा येऊन दमला, दार हललं नाही.

"ही कडी कशाला ठिवलिया मंग?" त्यांनी विचारलं.

तिथे एक कडी होती. कालपासून मी तिच्यावर माझा बनियन वाळत घातला होता. मावशींनी तो चिमटीत धरून माझ्या हातात दिला.

दुपारी नामदेवच्या घरी तांदळाची भाकरी, पिठलं आणि ठेचा. ज्यांचं घर मोडायला निघालो होतो, त्यांनीच आग्रह करकरून वाढलं. जेवताना डोळे भरून आले. हो, आले! ठेचा तिखट होता हे खरं, पण ठेच्याने तेवढं होत नाही. आयुष्यभर मी माणसांच्या चुका त्यांना दाखवल्या, आणि इथे माझी एवढी मोठी चूक या माणसांनी पोटात घालून वर ताक दिलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

हळदीचं आवतण आलंच. आम्ही दोघं गेलो. दत्तू मांडवाच्या तोंडाशी फेटा बांधून उभा, मावशी पुतळ्यासारख्या त्याच्याकडे बघत बसलेल्या. सगळं कसं छान चाललेलं. आणि वारा सुटला! मांडवाची कनात फडाफडा उडायला लागली. कोणीतरी ओरडलं, "आरं, येकादा दगूड आना रं दाबायला!"

सवयच हो. मी उठलो.

मांडवाच्या एका टोकाला नामदेव, दुसऱ्या टोकाला दत्तू. नऊ वर्षं ज्यांचं एका शब्दावर एकमत झालं नाही, ते दोघे भाऊ भर मांडवात एका सुरात ओरडले,

"पाव्हनं, तुमी न्हाई!"