जावयाविना सरगुंडे

वर्ध्याहून निघताना हिनं, म्हणजे माझ्या बायकोनं, एकच बजावलं होतं : दोघांना समोरासमोर बसवा. मुलगी मेघा आणि जावई पावसाळ्यापासून वेगळे राहत होते. आता सगळी भिस्त माझ्या रदबदलीवर होती.

पुण्यात उतरलो तेव्हा आभाळ भरून आलेलं. शहराच्या कडेला, मांजरी गावात, मेघाच्या नव्या इमारतीभोवती ऊस उभा होता. तिच्या घरात खुर्ची एकच. ती मला दिली आणि स्वतः ओट्याला टेकून उभी राहिली. मला फार वाईट वाटलं.

जावई घरी यायला तयार नव्हते, म्हणून भेट शहरातल्या एका इटालियन हॉटेलात ठरली होती. दाराशी उभ्या एका आजोबांना विचारलं, "इटालियन हॉटेल हेच का?"

"पाटी वाचायलाच लावलीय," ते म्हणाले.

आत काचेपलीकडे एक बाई कणकेची वळी काडीवर गुंडाळत होती. मी चाट पडलो. हे तर आमचे सरगुंडे! (काडीवर वळून वाफवलेले कणकेचे वेढे. आमच्याकडे जावयासाठी करतात, आमरसाबरोबर.)

"सर, हा सिसिली बेटावरचा पास्ता. बुझियाते," वेटरनं सांगितलं. टोमॅटो-बदामाच्या चटणीत घोळलेल्या वेढ्यांची ताटली समोर आली, तेवढ्यात मेघाचा फोन वाजला. तिनं मेसेज वाचला.

"तो येत नाहीये. यापुढे वकील बोलेल म्हणतो."

माझी पाठ केलेली सगळी वाक्यं वाया गेली.

"खा ना बाबा, गार होतंय."

"जावयाशिवाय सरगुंडे? घास उतरत नाही गं."

"आई तो आला तरच करायची. मी एकटी आले की खिचडी." ती काट्यानं एक वेढा उलगडत राहिली. "आता एकटीच आले तर चालेल?"

"हे काय विचारणं झालं?"

"आईला विचारून सांगा."

पदार्थ उत्तम होता. आम्ही दोघांनी तो निम्मा टाकला.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ही पदराशी चाळा करू लागली. मग म्हणाली, "येऊ द्या तिले. पन पुतनीचं लगन उरकल्यावर. मांडवात चर्चा नको."

लोक विचारतात, पुण्यात काय पाहिलं? काय सांगू? स्वतःच्या घरी यायची परवानगी मागणारी माझी मुलगी पाहून आलो.

मेघाला फोन लावला आणि हिचं पहिलं वाक्यच तेवढं सांगितलं. तिचा आवाज एकदम हलका झाला.

"मग कधी येऊ, बाबा?"