घड्याळजींचा घेवडा

घड्याळजींनी दुकान बंद करून वर्ष झालं होतं, पण दुकान काही घड्याळजींना सोडत नव्हतं. शर्टाच्या एका खिशात अजून भिंग, दुसऱ्यात चिमटा. घरातला एकही स्क्रू त्यांच्या तावडीतून सुटला नव्हता. चांगला चालणारा मिक्सर त्यांनी दोनदा खोलला आणि दुसऱ्यांदा तो कायमचा गप्प झाला, तेव्हा म्हणाले, "बघ, मला शंका होतीच!"

अशा माणसाच्या हाती जमीन आली. म्हणजे खरं तर बायकोच्या हाती. वस्तीच्या टोकाला एका पडीक मैदानाचे तुकडे पाडून सोसायटी ते भाजी लावायला लोकांना देई, आणि तिने त्यासाठी चार वर्षं नंबर लावून ठेवला होता. सगळा जन्म तिसऱ्या मजल्यावर गेलेली बाई ती. पत्र आलं त्या दिवशी स्वयंपाकघरात चक्क नाचली. अट एकच होती. दोन महिन्यांनी सेक्रेटरीबाई पाहणीला येणार. तुकडा हिरवा दिसला तर कायम, नाहीतर पुढच्या नंबराला.

दोघांनाही त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. बियाणंवाला म्हणाला, "घेवडा लावा. वेड्याच्या हातूनही उगवतो." मग रविवारी दोघांनी मिळून घेवडा लावला. घड्याळजींनी पट्टी धरून प्रत्येक बी सारख्याच खोलीवर बसवलं. बायको शाळेच्या ग्रंथालयात कामाला, त्यामुळे आठवडाभराची राखण घड्याळजींकडे आली.

आणि तिथेच घात झाला. जमिनीखाली काहीतरी चाललंय आणि आपल्याला ते दिसत नाही, हे त्यांना सोसेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक बी हळूच उकरलं, भिंगाखाली धरलं, परत ठेवलं. बी फुगलं होतं! त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी शेजारचंही बघितलं. मग रोज सकाळी रांगेने तपासणी सुरू झाली. कोंब फुटलेल्या बिया चिमट्याने उचलायच्या, न्याहाळायच्या, पुन्हा पुरायच्या. काम अगदी नाजूक हाताने चालायचं. बिया तेवढ्याच नाजूकपणे मरत होत्या.

तिसरा आठवडा संपला तरी वर एक पान दिसेना. बायको वाफ्याकडे बघत म्हणाली, "माझ्याच हाताला गुण नाही हो. उगाच चार वर्षं नंबर अडवून बसले." घड्याळजींनी चिमटा हळूच खिशात आणखी खोल सारला.

वाचा फोडली ती शेजारच्या तुकड्यावरच्या नर्सबाईंनी. चाळीस वर्षं बाळंतपणं केलेली बाई, भीडभाड कसली ठेवते! "अहो, रोज उघडून बघितल्यावर उगवणार काय? आमच्या वॉर्डात असतात तर तुम्हाला दाराबाहेर बसवलं असतं मी!"

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. घड्याळजींनी मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं. "आत काय चाललंय ते बघितल्याशिवाय मला काही दुरुस्त करता येत नाही गं."

ती चिडेल असं त्यांना वाटलं होतं. ती उकरलेली माती हाताने सारखी करत म्हणाली, "पण हे बिघडलेलं नाहीये हो."

घड्याळजींनी भिंग आणि चिमटा काढून तिच्या हातावर ठेवले. तिने ते शाळेतल्या टेबलाच्या खणात कुलूपबंद केले. पुन्हा पेरणी झाली. घड्याळजी रोज यायचे, पाणी द्यायचे आणि पालथ्या बादलीवर वाफ्याकडे पाठ करून बसायचे. हात शिवशिवायचे. दया येऊन नर्सबाईंनी त्यांना एक गंजलेली कात्री, एक गळका नळ आणि शेवटी स्वतःची छत्री दुरुस्तीला दिली. दिवस कसे काढले त्यांचे त्यांनाच ठाऊक.

आठव्या सकाळी माती फुगून तडकली होती आणि फटीफटीतून वाकलेल्या हिरव्या माना वर आल्या होत्या. एक नाही, सबंध रांग! घड्याळजी पळत सुटले ते थेट शाळेत. ग्रंथालयात शांतता पाळा अशी पाटी असताना दारातूनच ओरडले, "अगं, आला! घेवडा आला! मी हात नाही लावला!" अख्खा वर्ग पुस्तकं टाकून हसायला लागला. बायको हातातला शिक्का तसाच घेऊन बाहेर आली, आणि भर व्हरांड्यात तिने नवऱ्याचा हात घट्ट धरला.

पाहणीच्या दिवशी वेल काठ्यांवर गुडघाभर चढले होते. सेक्रेटरीबाईंनी वहीत 'कायम' लिहिलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "नवखे ना तुम्ही? एवढं केलंत तरी काय?"

"ह्यांनी ना," बायको म्हणाली, आणि पोराला पदवी मिळाल्यावर आई सांगते तशा तोऱ्यात पुढे म्हणाली, "आठ दिवस काही म्हणता काही केलं नाही!"