रेघांच्या सह्या

अन्याय झाला तो आमच्या समोरच्या दारातल्या मावशींवर. कधी, तर गेल्या भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी साडेसातला. भाईंदरच्या खारीतल्या आमच्या गल्लीत मधल्या खांबाचा दिवा बंद होता. खाली पेव्हर ब्लॉक उचकटलेला. मावशींचा पाय मुरगळला आणि त्या तिथेच बसल्या.

घोटा बरा झाला. पण मी ज्याला अन्याय म्हणते तो घोट्यावर झालाच नाही, तो नंतर झाला. मावशींच्या मुलाने फर्मान काढलं, "आई, अंधार पडला की घराबाहेर पाय टाकायचा नाही." बास. संपला विषय.

आता या फर्मानाचा अर्थ समजून घ्या. गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या बिल्डिंगमध्ये रोज संध्याकाळी मावशी धरून चार बायका पत्ते घेऊन मेंढीकोट खेळायच्या. जोडीजोडीने, शिव्या सोडून सगळं बोलत. दहाचं पान पकडण्यात मावशींचा हात धरणारं कुणी नाही. गिरगावातली खोली विकून भाईंदरला आल्यावर त्यांनी माहेर म्हणावं असं एवढंच ठिकाण मिळवलं होतं. मेंढीकोटला चार लागतात. तिघींनी काय भेंड्या लावायच्या?

"दुपारी खेळा ना," मुलगा म्हणाला.

"दुपारी दोघी कामावर असतात. तुझी बायको असते तशी," मावशी म्हणाल्या आणि टीव्ही मोठा केला.

मी पत्रकं काढणारी मुलगी. पाण्याचं पत्रक, खड्ड्यांचं पत्रक, रिक्षा स्टँडचं पत्रक. दिव्याचंही काढलं आणि वॉर्ड ऑफिसला नेऊन दिलं. तिथल्या साहेबांनी ते घडी घालून चहाच्या ग्लासाखाली ठेवलं. "मॅडम, आमच्या रेकॉर्डला तो दिवा चालू आहे. पुरावा आणा."

पुरावा? आणते ना!

माझा मावसभाऊ लग्नांचे फोटो काढतो. नवा कॅमेरा घेतल्यावर त्याने जुना मला दिला होता. त्याला एक वायर लागते, ती लावली की कॅमेरा आपला आपण दर थोड्या वेळाने एक फोटो काढत राहतो. ते शेकडो फोटो एकामागून एक पळवले की व्हिडिओ होतो. अख्खी संध्याकाळ अर्ध्या मिनिटात. माझा हिशोब साधा होता. सगळी गल्ली उजळलेली आणि मध्ये एक काळं भोक. साहेबांच्या टेबलावर ठेवायचं आणि म्हणायचं, बोला!

गच्चीची चावी सेक्रेटरी काकांकडे. ते मूळचे भावनगरचे, सगळ्यांशी हिंदीत बोलतात, भांडतात मात्र गुजरातीत.

"रात को गच्ची पे क्या काम है, बेटा?"

"अंधाराचे फोटो काढायचेत, काका."

"अंधेरे का फोटो? वो तो लाइट बंद करके घर में भी निकलता है."

चावी मिळाली. खाडीवरून येणारा वारा ट्रायपॉड हलवायचा, म्हणून मी त्याला खाली कांद्यांची पिशवी टांगली. आई वर आली, पिशवी बघितली, म्हणाली, "उपोषण करतेस की फोडणी?" आणि भाजीपुरते चार कांदे काढून घेऊन गेली. ट्रायपॉड पुन्हा हलायला लागला. दमट हवेने लेन्सवर वाफ धरायची, ती मी दर थोड्या वेळाने ओढणीने पुसायचे. दिवाबत्तीपासून जेवणं होईपर्यंत कॅमेरा टकटक करत राहिला.

रात्री व्हिडिओ जोडला आणि न बघताच सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, "हा आहे आपल्या गल्लीचा अंधार! लाज वाटू द्या!"

पहिलं उत्तर आलं, "वॉव." दुसरं, "ही आपली गल्ली? स्वित्झर्लंड वाटतंय." मग बदामच बदाम. सेक्रेटरी काकांनी तो तीन ग्रुपवर पाठवला. सिल्व्हर पार्कमधल्या कुणा अनोळखी बाईंनी विचारलं, बारशाची ऑर्डर घेता का.

तेव्हा कुठे मी व्हिडिओ उघडला. आणि खरंच, काय गल्ली दिसत होती! डोक्यावरून ढग कापसासारखे पळतायत, विमानं सोनेरी धागे ओढतायत, आणि खाली सगळीकडे मऊ केशरी उजेड. बंद खांबाखालीसुद्धा! झालं होतं असं की एकेका फोटोसाठी मी लेन्स पंधरा-पंधरा सेकंद उघडी ठेवली होती. एवढ्या वेळात कॅमेरा शेजारच्या खिडक्यांचा, आभाळाचा, हायवेचा, मिळेल तिथला उजेड गोळा करतो. अंधाराचा पुरावा काढायला गेले आणि महापालिकेची जाहिरात करून आले. फुकट!

तरी गेले साहेबांकडे. माघार घेणाऱ्यांनी पत्रकं काढू नयेत.

साहेबांनी व्हिडिओ दोनदा बघितला. शेजारच्या टेबलाला बोलावून दाखवला. "सुंदर! बघा मॅडम, केवढा उजेड आहे. तुम्हीच पुरावा दिलात."

माझे कान तापले. मी फोन परत घ्यायला हात पुढे केला, पण साहेबांनी दिला नाही. ते स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "हे भारी केलंय. या पांढऱ्या रेघा. इफेक्ट टाकलाय का?"

मी वाकून बघितलं. गल्लीत माणूस एकही नव्हता, कारण चालता माणूस पंधरा सेकंदांच्या फोटोत पुसला जातो. पण रेघा होत्या. कोपऱ्यावरच्या दुकानासमोरच्या चालू दिव्यापर्यंत काही नाही. मधल्या खांबाच्या अलीकडे रेघ उगवते, वाकडीतिकडी पुढे जाते आणि पुढचा चालू दिवा आला की विझते. एक नाही, डझनावारी. अख्खी संध्याकाळ.

"इफेक्ट नाही साहेब," मी म्हणाले. "मोबाईलचे टॉर्च आहेत."

"टॉर्च कशाला?"

मी स्क्रीनवरच्या मधल्या खांबावर बोट ठेवलं. साहेबांनी फोन माझ्याकडे सरकवला.

"पण मॅडम, तक्रार तुमची एकटीचीच आलीय. बाकी कुणाला त्रास नाही. या रेघांच्या सह्या आणा, मग बघू."

आणते ना!

आणि इथेच मला खरा राग आला. साहेबांचा नाही, आमचाच. दारोदार फिरले. "हो हो, दिवा बंदच असतो. आम्ही टॉर्च लावतो ना." जणू टॉर्च लावणं हेच नागरिकाचं कर्तव्य. जुन्या खारी गावातल्या एका आजोबांनी तर मलाच झापलं, "दिवा न्हाय तर न्हाय, माझ्या मोबाईलला हाय. तुला काय पडलंय?" प्रत्येकाने आपापला सूर्य खिशात ठेवला होता. ज्या बाईच्या साध्या फोनला टॉर्चच नव्हता, ती पडली आणि घरात बसली.

शेवटी मावशींकडे गेले. मुलगा नुकताच ऑफिसहून आला होता. "दादा, सही कर," म्हटलं.

"सह्यांनी काय होतं गं? देशात मोठे प्रश्न आहेत."

मी लॅपटॉप उघडला. मावशी चष्मा लावून पुढे सरकल्या. ढग, विमानं, रेघा. आणि मध्येच, ऐन बंद खांबाखाली, एक अख्खा माणूस. हलता माणूस पुसला जातो, उभा राहिलेला उमटतो. हा बराच वेळ उभा होता. कानाला फोन, दुसऱ्या हातात ऑफिसच्या फोनचा टॉर्च, पाठीला बॅग.

"हा कोण ठोंब्या?" मावशी म्हणाल्या. मग स्क्रीनला नाक लावून, "अरे, हा तर तू!"

"आई, कॉल होता."

"अंधारात?"

"टॉर्च होता ना हातात."

"म्हणजे दिवा बंद आहे हे तुला माहीत होतं."

"सगळ्यांनाच माहीत आहे."

"मग दिव्यासाठी त्या ऑफिसात बोलायचं सोडून मला घरात कशाला कोंडलंस?"

दादाने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. मावशींनी पेन शोधलं, टोपण काढलं आणि त्याच्या हातात दिलं. त्याच्या सहीनंतर तीन मजले मावशींनी स्वतः केले, जिना एकेक पायरी उतरत. "तुम्ही पण त्या व्हिडिओत आहात," एवढंच दारात सांगायचं. लोक घाबरून सही करायचे.

दिवा लागला. लगेच नाही, दोन खेपा माराव्या लागल्या, पण लागला. मावशी त्या संध्याकाळी गेल्या आणि पहिलाच डाव हरल्या. उजेडात चालत घरी आल्या त्या जोडीदारणीच्या नावाने बोटं मोडत. इतका सुंदर आवाज मी आमच्या जिन्यात कधी ऐकला नव्हता.

आता तुम्ही. हो, तुम्हीच. तुमच्या वाटेवरही एक खांब आहे, तिथे पोचलात की तुमचा अंगठा आपोआप टॉर्चवर जातो. आज तिथे थांबा. खांबावरचा नंबर वाचा. आणि घरी जाऊन जेवायला बसायच्या आधी तक्रार नोंदवा, स्वतःच्या नावाने.